दिवा वाढत नाही

व्यंकटराव माळवदकरांच्या मोटारीतला लाल दिवा पहिल्यांदा लागला तो शिमग्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. गाडी तेव्हा त्यांच्या दारापासून अठ्ठावीस पावलं पुढं गेली होती. हा आकडा बिनचूक आहे, कारण पाचच मिनिटांनी ती अठ्ठावीस पावलं गाडी मागं ढकलत आणावी लागली आणि ढकलणाऱ्या प्रत्येकानं ती मोजली.

मागच्या बाकावर व्यंकटरावांच्या आई, धुरपदाबाई, बसल्या होत्या. गाडी ढकलली जात असताना त्या खाली उतरल्या नाहीत. त्यांना उतरायला आणि पुन्हा चढायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात गाडी दोनदा ढकलून झाली असती. मांडीवर गाठोडं होतं. त्यात एक इरकली लुगडं, एक खण आणि चिंधीचं बूच घट्ट बसवलेली करडईच्या तेलाची बाटली. हे सगळं सोनारीला, थोरल्या बहिणीसाठी. पुतळाबाई आणि धुरपदाबाई यांची गाठ पडून सहा वर्षं झाली होती. धुरपदाबाईंचा गुडघा मोडल्यापासून त्यांना एसटीची पायरी चढता येत नव्हती. एकदा कंडक्टरनं आणि दोन प्रवाशांनी मिळून त्यांना उचलून आत ठेवलं, तर "मी काय ज्वारीचं पोतं हाय का?" म्हणून त्यांनी स्वतःला पुन्हा खाली उतरवून घेतलं होतं. आता सोनारीच्या एका व्यापाऱ्याबरोबर पुतळाबाईंचा निरोप आला होता: यंदा भैरोबाच्या यात्रेला ये, पुढच्या यात्रेचं मी बोलत नाही.

यात्रा चैत्रात होती. म्हणजे हातात पाच आठवडे होते आणि दारात मोटार होती. व्यंकटरावांना वाटलं, यात्रेपर्यंत तरी कशाला थांबायचं?

मोटार संघाची. व्यंकटराव उस्मानाबादच्या खरेदी-विक्री संघात हेडक्लार्क होते. संघानं चेअरमनसाहेबांसाठी जीप घेतली आणि जुनी राखी मोटार निकालात काढली, ती व्यंकटरावांनी घेतली. ते त्र्याहत्तर साल होतं. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. विहिरी कोरड्या, बैल छावणीत, माणसं खडी फोडायला, आणि संघात बियाण्याऐवजी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या पोत्यांचे हिशेब. अशा वर्षी मोटार घेणाऱ्या माणसाकडं गल्ली कोणत्या नजरेनं बघते हे व्यंकटरावांना ठाऊक होतं. म्हणून गाडी आईसाठी घेतली आहे, ही गोष्ट त्यांनी गल्लीत प्रत्येकाला निदान दोनदा सांगून ठेवली होती.

आता दिव्याविषयी. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. व्यंकटरावांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचून महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. त्यातल्या एका ओळीखाली दोन रेघा होत्या: गाडी चालू असताना लाल दिवा लागला तर तेल इंजिनात फिरत नाही असं समजावं आणि इंजिन तत्काळ बंद करावं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत व्यंकटरावांनी सहीशिवाय एक कागद पुढं सरकवला नव्हता. दिवा लागला, त्यांनी इंजिन तत्काळ बंद केलं.

"काय झालं रं?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"दिवा लागलाय, आई."

"दिवा लागला तर चांगलंच की."

इथून पुढं एकेचाळीस दिवस व्यंकटराव आईला समजावत राहिले की या दिव्याची रीत घरातल्या दिव्याच्या उलटी आहे. हा लागला की वाईट, गेला की चांगलं. धुरपदाबाई ऐकून घेत आणि मान हलवत. पटल्याची ती मान नव्हे, मुलगा दमलाय हे दिसल्याची होती.

पहिला सल्ला शेजारच्या आबारावांचा. आबाराव महसुलातून सर्कल म्हणून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही वस्तूचा पंचनामा करण्याचा अधिकार आपल्याकडं शिल्लक आहे असं ते धरून चालत. त्यांनी इंजिनातली तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. आबाराव म्हणाले, खूण जुनी आहे, इंजिन झिजलं की खुणेवर भरवसा ठेवायचा नसतो, अजून एक डबा ओता. व्यंकटरावांनी ओतला. दिवा तसाच. आबाराव म्हणाले, आणखी अर्धा.

तो अर्धा डबा पोटात गेल्यावर मोटारीनं जो धूर सोडला तो निळा होता आणि त्याला वाऱ्याची साथ होती. समोर पाण्याच्या टँकरची रांग लागली होती. घागरी-हंडे घेऊन पहाटेपासून बसलेल्या चाळीसेक बायकांच्या अंगावरून तो धूर शिस्तीत, रांगेच्याच क्रमानं पुढं गेला. कोणी शिवी दिली नाही. एक बाई खोकत एवढंच म्हणाली, की आमच्या घरी फोडणीला थेंब न्हाय आन इथं तेलाचा धूर निघतोय. व्यंकटराव त्या दिवशी ऑफिसला मागच्या बोळातून गेले, आणि नंतरही बरेच दिवस त्याच बोळातून जात राहिले.

रस्त्याच्या पलीकडं लिंबाजीचं दुकान होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे सर्व प्रकारच्या मोटारी भरून मिळतील.' या मोटारी म्हणजे विहिरीवरच्या पंपाच्या. जळालेली मोटार आली की लिंबाजी तिच्यात तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचा. पण विहिरीत पाणीच नसल्यावर पंप चालणार कसा आणि जळणार कसा? त्या सालात लिंबाजी दुकान उघडून नुसता कट्ट्यावर बसलेला असे. बौद्धवाड्यातला तीस-बत्तीस वर्षांचा, कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी आबाराव पट्टी ओढून बघत होते तेव्हा तो रस्ता ओलांडून आला, जरा लांबच उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, इंजिनावरच्या बटणाची वायर काढून बघा. दिवा गेला तर दोष इंजिनात. न्हाय गेला तर वायरीत."

आबाराव म्हणाले, "लिंबाजी, ही मोटार निराळी. हिला विहिरीत सोडत न्हाईत."

लोक हसले. व्यंकटराव मोठ्यानं हसणाऱ्यांतले नव्हते, पण ओठांच्या कोपऱ्यात तेही थोडं हसले. लिंबाजी पुन्हा आपल्या कट्ट्यावर जाऊन बसला. ओट्यावर ज्वारी निवडत बसलेल्या धुरपदाबाईंनी हे सगळं पाहिलं.

आता बटण बदलावं असं ठरलं. तेलाचा दाब ओळखून दिवा लावायचं किंवा घालवायचं काम करणारं ते बोटभर पितळी बटण इंजिनाला बसवलेलं असतं. ते बाजारातून आणून बसवायला काहीच अडचण नव्हती, पण गाडी कागदावर अजून संघाची होती. नाव बदलायचे कागद गेले होते, आले नव्हते. संघाच्या मालमत्तेची दुरुस्ती संघाच्या भांडारामार्फतच व्हावी असा नियम होता, आणि तो नियम खुद्द व्यंकटरावांनीच एकोणसत्तर साली सर्वांना फिरवलेल्या कागदावर लिहिला होता. दुसऱ्या कोणाचा नियम असता तर कदाचित त्यांनी वाट काढली असती.

त्यांनी मागणीपत्र लिहायला घेतलं. पत्रव्यवहार मराठीतूनच करायचा, अशी ताकीद नुकतीच आली होती. व्यंकटरावांनी 'तेलदाबदर्शक दीप' असं लिहून पाहिलं आणि हे भांडारात कोणाला कळणार नाही म्हणून खोडलं. 'तेलाचा दिवा' लिहिलं. पुढं लिहायचं होतं, की विझत नाही. तिथं त्यांची लेखणी अडली. माळवदकरांच्या घरात दिवा कधी विझत नसे, वाढत असे. बांगडी फुटत नसे, वाढत असे. ज्याची थोरली मावशी पिकलं पान झाली आहे त्या माणसानं सकाळी-सकाळी विझणं कागदावर आणायचं, हे त्यांच्या हातून होईना. त्यांनी लिहिलं: 'तेलाचा दिवा वाढत नाही. सबब दुरुस्तीचे साहित्य मिळावे.'

भांडारपाल कल्याणप्पा. माणूस तत्पर. अकरा दिवसांनी शिपाई संघाचा शिक्का मारलेलं पुडकं घेऊन आला. आत कंदिलाची एक काच होती, गवताच्या काडीत नीट गुंडाळलेली, आणि दीड हात वात.

व्यंकटराव भांडारात गेले. कल्याणप्पांनी मागणीपत्र काढून समोर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "तेलाचा दिवा वाढत नाही म्हणजे काय, व्यंकटराव? वात वर येत नाही. नवी वात दिली. काच तुम्ही मागितली नव्हती, ती मी माझ्या मनानं दिली."

काच परत करायची तर परतीचा वेगळा अर्ज लागत होता आणि वात परत घेता येत नव्हती, कारण ती कापलेली होती. शिवाय दिवा दिला गेल्यामुळं रॉकेलच्या यादीत व्यंकटरावांचं नाव आपोआप चढलं होतं. ते काढायला आणखी एक अर्ज, आणि बटण पुन्हा मागायला तिसरा. व्यंकटरावांनी तिन्ही अर्ज लिहिले. त्यांतल्या एकातही त्यांनी दिवा हा शब्द येऊ दिला नाही.

याच काळात त्यांनी सोनारीला पहिलं कार्ड टाकलं. मावशीचा मुलगा मिलिटरीत होता. घरी सून मुक्ताबाई आणि शाळेत जाणारा नातू. कार्ड तो नातू वाचून दाखवी. व्यंकटरावांनी थोडक्यात लिहिलं: गाडी तयार आहे, आईची तयारी आहे, दिवा वाढला की निघतो. यंत्राचं सगळं म्हातारीला कशाला कळवायचं, असा त्यांनी विचार केला. पुढच्या दोन कार्डांतही हेच वाक्य होतं. फक्त 'निघतो'च्या जागी 'लगेच निघतो' झालं.

बटण मग व्यंकटरावांनी नियम मोडून सोलापूरहून आणवलं. आयुष्यात मोडलेला हा पहिला नियम, आणि त्याचा उपयोग झाला नाही. बसवायला आला बब्रुवान मेस्त्री. तुळजापूरच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं आणि ट्रकवाल्यांत त्याच्या शब्दाला मान होता. मेस्त्री शिस्तीचा. कुठलीही वायर काढण्याआधी बॅटरी सोडणार, काम संपल्यावर जोडणार. त्यानं बॅटरी सोडली, जुनं बटण काढलं, नवं लावलं, वायर लावली, बॅटरी जोडली. दिवा लागला तो लागलाच.

मेस्त्रीनं बराच वेळ इंजिनाकडं बघितलं आणि डॉक्टरनं घरच्यांना बाहेर बोलावून सांगावं तशा आवाजात व्यंकटरावांना सांगितलं, की नवं बटण खोटं बोलणार नाही. तेल वर चढत नाही म्हणजे आतलं बेरिंग गेलेलं आहे. इंजिन उतरवावं लागेल.

इंजिन उतरवलं. ते चौदा दिवस व्यंकटरावांच्या अंगणात चिंचेच्या झाडाखाली गोणपाटावर उघडं पडलं होतं. बेरिंग चांगलं निघालं. तेलाचा पंप चांगला निघाला. मेस्त्री एकेक भाग उचलून रॉकेलमध्ये धुई, उजेडात धरी आणि निराश होऊन खाली ठेवी. प्रत्येक भाग निरोगी निघत होता आणि त्याचं प्रत्येकाला दुःख होत होतं. हे सगळं धुवायला जे रॉकेल लागलं, ते कल्याणप्पांच्या यादीतलं होतं. रद्द करण्याच्या अर्जावर अजून निर्णय झालेला नव्हता, एवढीच काय ती त्या प्रकरणातली सोय.

एका दुपारी धुरपदाबाई काठी टेकत अंगणात आल्या. हातात करडईच्या तेलाची बाटली होती.

"दिवा म्हणतोय तेल न्हाय, व्हय ना?"

"व्हय."

"मग हे घाल. आक्काचं हाय, पन तिला म्या सांगीन."

व्यंकटराव वैतागले. सगळी गल्ली, आबाराव, मेस्त्री, भांडार यांना जे बोलता आलं नव्हतं ते त्यांनी आईला ऐकवलं. की हे तेल त्यात चालत नाही, ही पणती नाही, तुम्हाला यातलं काही कळत नाही. धुरपदाबाईंनी बाटलीचं बूच पुन्हा घट्ट केलं. "न्हाय कळत," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. चिंचेखाली गोणपाटावर बसलेल्या मेस्त्रीनं तेवढ्यापुरती मान खाली घातली.

इंजिन जोडून झालं तेव्हा एक नट उरला. तो कुठला हे शेवटपर्यंत ठरलं नाही. गाडी सुरू झाली, उत्तम चालली, आवाज पहिल्यापेक्षा गोड येऊ लागला, आणि लाल दिवा जसाच्या तसा. मेस्त्री म्हणाला, आता एकच उपाय आहे, दिव्याचा बल्बच काढून टाकतो, बिनधास्त जावा सोनारीला. गल्लीला हे पटलं. घरात कमलबाईंनाही पटलं. दोनशे रुपयांचा पगार असताना नवऱ्यानं मोटार घेतली त्या दिवसापासून त्या फारसं बोलल्या नव्हत्या. आता मात्र म्हणाल्या, जाऊन या की एकदाचं. आत्याबाई रोज गाठोडं सोडतात आणि बांधतात, बघवत नाही. कसर लागेल म्हणून लुगडं उन्हात घालतात आणि पुन्हा घडी करतात.

व्यंकटरावांनी नाही म्हटलं. दोष सापडत नाही म्हणून खूण पुसायची, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. हिशेब जुळत नाही म्हणून वहीतलं पान फाडणारे दोन कारकून त्यांनी घरी बसवले होते. वाटेत इंजिन बसलं आणि आई परंड्याच्या माळावर, वैशाखातल्यासारख्या उन्हात अडकली तर? हा प्रश्न खरा होता, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी बल्ब राहू दिला आणि तिसरं कार्ड टाकलं.

चैत्र वद्य अष्टमीला यात्रा झाली. त्या दिवशी धुरपदाबाईंनी गाठोडं सोडलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी व्यंकटराव संध्याकाळी ऑफिसातून परतले तेव्हा त्यांना एक दृश्य दिसलं. त्यांची आई रस्ता ओलांडत होती. गेल्या सहा वर्षांत ती देवळाखेरीज अंगणाबाहेर पायी गेलेली नव्हती. एका हातात काठी, दुसरा हात हवेत, आणि टँकरच्या रांगेतल्या बायका वाट करून देत होत्या. ती लिंबाजीच्या कट्ट्यापाशी पोचली, काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"लिंबाजी, बाबा, तू त्या दिवशी काय म्हनला व्हतास, ते करून दाव की रं."

लिंबाजीनं व्यंकटरावांकडं पाहिलं. व्यंकटरावांनी छत्री काखेत घट्ट धरली आणि मान हलवली.

त्यानं पक्कड घेतली, झाकण उचललं. व्यंकटरावांना चावी फिरवून ठेवायला सांगितली. बॅटरी सोडली नाही. बटणावरची वायर ओढून बाजूला धरली. आत लाल दिवा लागलेला होता तो लागलेलाच राहिला.

"बटणाशी संबंधच उरला न्हाय, तरी लागतोय," लिंबाजी म्हणाला. "म्हंजे वाटंत कुठंतरी ही तार लोखंडाला चिकटली. लोखंडाला लागली की दिव्याला वाटतं, तेल न्हाय."

मग तो त्या वायरीवरून बोट फिरवत मागं मागं गेला. इंजिन आणि बैठक यांच्यामध्ये जो पत्रा असतो त्याला एक भोक होतं. त्यातून वायर आत जात होती. भोकाच्या काठाला रबराचं कडं असायला हवं होतं, ते कधीकाळी गळून गेलं होतं. वर्षानुवर्षं पत्र्यावर घासून वायरीचं कापड तिथं झिजलं होतं आणि ज्वारीच्या दाण्याएवढं तांबं उघडं पडलं होतं. लिंबाजीनं त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून भोकाला कडं केलं आणि वायर पुन्हा बटणाला लावली. व्यंकटरावांनी इंजिन सुरू केलं. दिवा वाढला.

याला चार मिनिटं लागली. व्यंकटरावांनी घड्याळ बघितलं होतं.

"तेल होतं म्हणजे," ते म्हणाले.

"पहिल्या दिवसापासनं."

"गाडी गेली असती?"

लिंबाजी पक्कड पुसत होता. या प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलं नसतं तरी चाललं असतं, असं व्यंकटरावांना पुढं अनेकदा वाटलं. "गेली असती, साहेब," तो म्हणाला. पैसे मात्र त्यानं घेतले नाहीत. धुरपदाबाईंना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला आणि जाऊन दुकानाची फळी लावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. सगळी गल्ली उठून आली होती. आबारावांनी तेलाची पट्टी ओढून बघितली आणि तेल ठीक असल्याचं जाहीर केलं. अठ्ठावीस पावलं संपली, लोक मोजत होते, गाडी थांबली नाही.

वाट फार सुरेख गेली. इंजिन उतरवून पुसून जोडलेलं, त्यामुळं नव्या मोटारीसारखं पळत होतं. दोन्ही बाजूंना माळ भाजून निघालेला, बाभळींखेरीज हिरवं काही नाही, जागोजाग खडी फोडणारी माणसं मान वर करून बघत होती. व्यंकटराव दर दोन मिनिटांनी दिव्याच्या काळ्या काचेकडं बघत. धुरपदाबाई बोलत होत्या. सहा वर्षांत त्या एवढं बोलल्या नव्हत्या. आक्का लहानपणी त्यांना पाठंगुळीला घेऊन ओढा ओलांडायची, मधोमध आली की सोडते म्हणायची. त्या रडल्या की आक्का म्हणायची, सोडीन कशाला, येडी, तू गेलीस तर मला माहेरी सोबत कोण?

साडेनऊला गाडी सोनारीत शिरली. घरापुढं उभी राहिली. नातू ओट्यावर होता, तो गाडीकडं बघत राहिला, पळत आला नाही. धुरपदाबाई व्यंकटरावांच्या खांद्याला धरून उतरल्या, गाठोडं काखेत घेऊन उंबऱ्यात गेल्या आणि तिथंच थांबल्या.

माजघरात सारवलेल्या जागेवर, भरदिवसा, दक्षिणेकडं तोंड करून एक दिवा तेवत होता. त्यावर वारा लागू नये म्हणून टोपलं तिरपं ठेवलेलं होतं.

पुतळाबाईंना जाऊन चार दिवस झाले होते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. मुक्ताबाईनं तार केली नाही. धुरपदाबाईंना येता तर येणार नाही, उगा जिवाला घोर, म्हणून कार्ड टाकलं होतं. ते कार्ड त्याच दिवशी दुपारी उस्मानाबादला कमलबाईंच्या हातात पडलं.

धुरपदाबाई रडल्या नाहीत. त्या दिव्यापाशी भिंतीला टेकून बसल्या. गाठोडं सोडलं, बाटलीचं बूच काढलं आणि दिव्यात थोडं तेल घातलं. दहाव्यापर्यंत त्या दिव्याला तेल त्यांनीच घातलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. व्यंकटराव गाडीपाशी बसून राहत. गावातली माणसं येत, गाडीभोवती फिरत आणि म्हणत, गाडी झकास आहे.

आल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी मुक्ताबाईनं सांगितलं, ते सहज सांगितलं. ताट वाढताना.

"रोज संध्याकाळी आत्याबाई ओट्यावर दिवा लावून बसायच्या. जेवनं झाली की म्या वाढवाया जायची, तर वाढवू द्यायच्या न्हाईत. कार्डात तुमी लिवलं व्हतं ना, दिवा वाढला की निघतो. म्हनायच्या, उन्हाचा ताप हाय, ते शानी मानसं हायत, रातच्या गारव्याला निघत्यात. तिकडं त्यांचा दिवा वाढला की गाडी हलती. मग आपला वाढवून कसं चालंल? अंधारात घर कसं घावंल धुरपीला?"

व्यंकटरावांचा घास ताटातच राहिला.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"पयलं कार्ड आलं तवापासनं. तेल सरायचं, तर आपल्या भाकरीवरचं घालायच्या."

व्यंकटरावांनी आईकडं पाहिलं. ती जेवत होती, तुकडा मोडत होती. तिनं ऐकलं होतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. खुलासा करावा, कार्डातला दिवा कोणता होता ते सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. सत्तावीस वर्षं त्यांनी खुलासेच लिहिले होते. पण इथं खुलासा कोणाला करायचा?

दहावं झालं. अकराव्या दिवशी सकाळी ते परतायला निघाले. मुक्ताबाई धुरपदाबाईंच्या पाया पडली. इरकली लुगडं धुरपदाबाईंनी तिच्या हातात दिलं. तेलाची बाटली रिकामी झाली होती, ती मात्र त्यांनी गाठोड्यात परत बांधली. या वेळी त्या मागं बसल्या नाहीत. व्यंकटरावांनी पुढचं दार उघडलं, पाय उचलून आत ठेवले, दार लावलं, स्वतः फिरून आपल्या जागी येऊन बसले.

त्यांनी चावी फिरवली. इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. लाल दिवा लागला, लागायला हवा तसा.

"थांब," धुरपदाबाई म्हणाल्या. "राहू दे जरा."

व्यंकटरावांनी हात मागं घेतला. एकेचाळीस दिवसांत ज्याच्यापायी इंजिन उघडं पडलं, तीन अर्ज झाले, चाळीस बायका खोकल्या आणि एक माणूस हसण्यावारी गेला, तो शेंगदाण्याएवढा दिवा दोघांच्या मध्ये लागून राहिला. उन्हात तो नीट दिसतही नव्हता. धुरपदाबाईंनी पदर पुढं करून त्याच्यावर सावली धरली. मग दिसला. ओट्यावर मुक्ताबाई आणि नातू हात जोडून उभे होते, गाडी का निघत नाही ते त्यांना कळेना.

बॅटरी उतरेल, असं व्यंकटरावांच्या मनात एकदा आलं.

बऱ्याच वेळानं धुरपदाबाईंनी पदर मागं घेतला आणि समोर रस्त्याकडं बघितलं.

"वाढव आता," त्या म्हणाल्या.

व्यंकटरावांनी इंजिन सुरू केलं.